सुंठीनं तडकलेला खल

मी एक जुना मातीचा खल आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटाला वरपासून खालपर्यंत तडा आहे. तो कसा गेला ते आज सांगतो. शाळा मी बघितलेली नाही. चिखलातून उचललं, थापलं, भट्टीत घातलं, संपलं शिक्षण. आणि मराठी शिकलो ती एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात, तीही तिच्या तोंडची. तेव्हा बोलणं खरखरीत लागलं तर चालवून घ्या. हात लावून बघाल तर बाहेरूनही मी तसाच आहे.

खल म्हटलं की तुम्हाला तो बुटका पितळी आठवणार, नाहीतर काळा दगडी. मी त्यातला नाही. मी उभट, खाली निमुळता, तोंडाला रुंद, एखाद्या कुंडीसारखा. थायलंडात ईशान्येला नदीकाठची माती असते, तिचा मी. तिकडे कच्च्या पपईची कोशिंबीर करायला आम्हीच लागतो. आमच्यासोबत लाकडी बत्ता असतो आणि त्यानं हाणायचं नसतं. हलक्या हातानं ठेचायचं, दुसऱ्या हातातल्या चमच्यानं खालवर करायचं, म्हणजे लिंबाचं, गुळाचं, मिरचीचं पाणी एकमेकांत उतरतं. ताकदीचं काम नाही ते, जुळवून घ्यायचं काम आहे.

तर गवतात गुंडाळून, जहाजात बसून मी अमेरिकेत आलो. सॅन होजेमधल्या एका थाई दुकानात बरेच दिवस खालच्या फळीवर धूळ खाल्ली. मग एक दिवस एका बाईनं मला उचललं आणि बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघितलं. तुमच्याकडे बायका माठ घेताना बघतात ना, अगदी तसं. माझा आवाज तिला पसंत पडला. तिचं नाव प्राणी.

हसू नका. तिच्या भाषेत त्याचा अर्थ दयाळू असा आहे.

प्राणी मावशीचा स्टॉल होता. उन्हाळा आला की शुक्रवार-शनिवार एका बंद पडलेल्या मॉलच्या पार्किंगमध्ये नाइट मार्केट भरायचं. नाव नाइट मार्केट, पण कॅलिफोर्नियातला उन्हाळ्याचा सूर्य कुठला लवकर जातोय! अर्धा बाजार लोक डोळ्यांवर हात धरूनच करायचे. जनरेटरची घरघर, काडीला टोचून भाजलेल्या स्क्विडचा धूर, तैवानी लोकांचा तो आंबवलेला टोफू, ज्याच्या वासानं नवखा माणूस दोन पावलं मागेच जायचा. मध्येच कोणी मोजे विकतोय, कोणी मोबाइलची कव्हरं, कोणी आंबा आणि चिकट भात. आणि त्या सगळ्या गोंगाटात माझा आवाज, पोक, पोक, पोक. लोक लांबून ऐकून यायचे आणि माझे व्हिडिओ काढायचे. एक पोरगी तर म्हणाली, "ओ माय गॉड, सो क्यूट!" मी आतून लाल झालो. बाहेरून दिसत नाही, भाजलेला आहे ना.

पण खरं सांगू? एवढ्या गर्दीत प्राणी मावशीशी कोणी बोलायचं नाही. "मीडियम स्पायसी" म्हणायचे आणि फोनमध्ये बघत उभे राहायचे. बाजार उठला की ती मला धुऊन पालथा घालायची, खोलीवर जाऊन भात खायची, भिंतीकडे तोंड करून. तिचा मुलगा लांब ह्यूस्टनला. तो फोनवर सारखा बोलवायचा आणि ही सारखी नाही म्हणायची.

मग एका शनिवारी कांचन काकू आल्या.

सोबत मुलगा देवांग आणि सून अनन्या. काकू नागपूरच्या. तिकडचा फ्लॅट विकून कायमच्या सनीव्हेलला मुलाकडे राहायला आलेल्या. सुती साडी, वर देवांगच्या कंपनीचं जुनं जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज आणि हातात स्टीलचा डबा. आमच्या स्टॉलसमोरच त्यांचं सुरू झालं.

"आई, इथे डबा कशाला आणलास?"

"चातुर्मास आहे. कांदा-लसूण चालत नाही मला."

"मग निदान लेमोनेड तरी घे."

"ज्या सुरीनं त्यानं लिंबू कापलं, त्या सुरीनं आधी काय कापलं होतं, ते विचारून ये आधी."

"यार आई, तू पण ना!"

"यार कोणाला म्हणतोस रे?"

ती दोघं हसत हसत लाइनीत उभं राहायला गेली. काकू एकट्या राहिल्या, आणि माझा आवाज ऐकून हळूहळू पुढ्यात येऊन थांबल्या. नुसत्या बघत होत्या. प्राणी मावशीनं साडी बघितली, कपाळावरची टिकली बघितली, डबा बघितला.

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. थाई लोकांत 'जे' म्हणून एक प्रकार असतो. वर्षातले काही दिवस माणसं मांस-मच्छी सोडतात, शिवाय कांदा-लसूणही सोडतात, आणि तसं अन्न जिथे मिळतं तिथे पिवळं निशाण लावतात. चातुर्मासाचा धाकटा भाऊच म्हणा. आमच्या स्टॉलवरही एक निशाण होतं, पण ते बघतो कोण?

मावशीनं मान वाकडी करून विचारलं, "जे?"

काकूंना वाटलं, बाई देवाचं नाव घेतेय. त्यांनी डबा काखेत मारला आणि हात जोडले. "जय जय, बाई. जय जय."

"जे जे!" मावशी एकदम खूश.

तिनं लसणाची वाटी झाकली, मच्छीच्या सॉसची बाटली खाली ठेवली, मला खळखळून दोनदा धुतलं. काकू हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. मग पपईचा कीस पडला, चवळीच्या शेंगांचे तुकडे पडले, टोमॅटो, भाजलेले दाणे, ताडाचा गूळ, लिंबू, मिरची. पोक, पोक, पोक. काकूंनी एक घास घेतला आणि तिथल्या घडीच्या खुर्चीवर बसल्याच.

"अगं बाई! ही तर कोशिंबीर आहे! दाणे, गूळ, लिंबू, मिरची, सगळं आहे. फोडणी तेवढी द्यायची राहिलीय बिचारीची."

तेवढ्यात देवांग आला. "आई! तू खातेयस? बाहेरचं? तुझा चातुर्मास?"

"देवाचं नाव घेऊन दिलंय तिनं."

अनन्यानं मावशीशी इंग्रजीत विचारपूस केली, निशाण बघितलं आणि पोट धरून हसायला लागली. "आई, त्या जय नाही म्हणत होत्या. जे, जे! म्हणजे कांदा-लसूण नसलेलं."

"मग वेगळं काय झालं?" काकू म्हणाल्या आणि कागदी ताटली पुढे केली. "अजून घाल म्हणावं."

निघताना अनन्यानं नाव विचारलं. मावशीनं सांगितलं. देवांगनं ओठ चावले.

"काय म्हणाली?"

"प्राणी, आई."

"बाईमाणसाला मी प्राणी म्हणू? काहीतरीच! मी आपली प्रणिता म्हणणार." आणि तेव्हापासून ती काकूंसाठी प्रणिताच. अनन्यानं ओळख करून देताना 'कांचन काकू' म्हटलं, म्हणून मावशी मात्र त्यांना काकूच म्हणायची. तिला वाटायचं हेच नाव आहे.

मित्रांनो, पुढचं मला काकूंकडूनच कळलं, कारण त्या आता माझ्याशीच बोलतात. देवांग सकाळी कंपनीच्या शटलनं जायचा, अनन्या कॅल्ट्रेननं. घरात उरायच्या काकू आणि फ्रिजचा आवाज. दुपारी त्या ओट्याशी उभ्या राहून पातेल्यातूनच जेवायच्या. ताट घ्यायचं कोणासाठी? खाली बाकावर जाऊन बसल्या तर कुत्रा फिरवणारे "हाय" म्हणायचे आणि थांबायच्या आत पुढे जायचे. देवांगला हे सांगायचं नाही, त्याला वाईट वाटेल. असं करत करत त्या जेवायच्याच विसरायला लागल्या होत्या. जॅकेट म्हणूनच इतकं ढगळ दिसत होतं.

अनन्यानं ते बरोबर ओळखलं असावं. तिनं मावशीचा नंबर घेतला आणि मंगळवार ठरवून टाकला. मंगळवारी मावशीला स्टॉल नसायचा. दर मंगळवारी ती मला काखेत घेऊन, पिशवीत गवती चहा, नारळाचं दूध, टोफू असं काय काय भरून काकूंकडे यायला लागली. रश्श्याचं हिरवं वाटण, कांदा-लसणाशिवायचं, ती घरून स्वतःच्या दगडी खलात कुटून आणायची. तेवढं चिवट काम माझ्याकडून होत नाही, मी मातीचा.

काय मजा असायची सांगू! दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, इंग्रजी दोघींची सारखीच मोडकी. पहिल्यांदा मावशीनं तुळशीसारखी पानं मूठभर तोडून उकळत्या रश्श्यात टाकली तेव्हा काकूंनी तिचा हातच धरला. "अगं अगं, तुळस! नैवेद्यावर एक पान ठेवतो आम्ही, तू काय पालेभाजी समजलीस?" मावशीला काही कळलं नाही, तिनं अजून एक मूठ टाकली. काकूंनी वर बघून देवाची माफी मागितली आणि मग दोनदा भात घेतला.

एका एकादशीला काकूंनी साबुदाणा भिजवलेला. मावशी बघून ओरडली, "साखू!" तिकडे साबुदाण्याला तेच म्हणतात. मग तिला यमक सापडलं आणि ती दिवसभर "काकू, साखू, काकू, साखू" करत हसत राहिली. काकू म्हणाल्या, "वेडीच आहेस." पण ताटं दोन घेतली होती, समोरासमोर, पाणी भरून दोन पेलेसुद्धा. उभ्यानं जेवणं बंद झालं होतं. मी ओट्यावर बसून ते बघायचो आणि मला वाटायचं, आपण इतके सुंदर आहोत हे त्या व्हिडिओवाल्या पोरीला काय कळणार!

आणि मग सप्टेंबर आला. बाजाराचा शेवटचा आठवडा. बाजारातल्या धुरानं मावशीला खोकला झालेला. त्या मंगळवारी ती घास घेता घेता सारखी खोकत होती. निघताना दमली होती म्हणून मला तिथेच ठेवून गेली. "फ्रायडे कम, टेक," असं सांगितलं.

ती गेल्यावर काकूंनी बरणीतून सुंठ काढली. नागपुरातून आणलेली, दगडासारखी कडक. सुंठ-गुळाच्या गोळ्या करून द्यायच्या होत्या तिला. मिक्सरचं पातं सुंठीनं आधी एकदा मोडलेलं, म्हणून तो नको. पितळी खल लहान, सुंठ बाहेर उडते. मग काकूंची नजर माझ्याकडे गेली. सुंठ माझ्यात घातली. लाकडी बत्त्यानं काही होईना. तेव्हा त्यांनी पितळी बत्ता घेतला.

मी ओरडलो असतो, पण आम्हाला मारल्याशिवाय आवाज येत नाही, आणि मारल्यावर उशीर झालेला असतो.

पदर खोचून, दात-ओठ खाऊन, ज्या हातानं त्यांनी आयुष्यभर दगडी खलात मसाले कुटले त्या हातानं काकूंनी एक घाव घातला. कट्! आवाज लहानसाच. बत्ता हवेतच थांबला. त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं, मग खालीच बसल्या. "आता ती बाजारात काय करेल?" एवढंच म्हणाल्या. मला पुसलं, पंच्यात गुंडाळलं आणि सिंकखालच्या कपाटात, पिशव्यांच्या पिशवीमागे ठेवून दिलं.

शुक्रवारी बेल वाजली.

मी अंधारात होतो, पण सगळं ऐकू येत होतं. काकूंनी गॅस बंद केला. पाऊल उचललं नाही. "काकू?" बाहेरून हाक आली. "काकू?" मग दारावर टकटक, पेरानं, माझ्यावर वाजवायची तशीच. मग काकूंचा मोबाइल वाजायला लागला, तो त्यांनी पदरात दाबून धरला. बाहेर खोकल्याची उबळ आली. मग बूट जिन्यावरून खाली गेले.

बऱ्याच वेळानं दार उघडलं तर मुठीला पिशवी अडकवलेली. आत चिकट भात, अजून गरम. काकूंनी तो खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. फ्रिजमध्ये ठेवला, कडक होईपर्यंत.

मंगळवारी पुन्हा बेल वाजली. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारी बेल वाजली नाही.

"आई, प्राणी मावशी येत नाहीत का हल्ली?" देवांगनं एकदा विचारलं.

"असेल बिझी."

"तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय!"

दुपारी मात्र मला चमच्याचा आवाज यायचा, पातेल्यावर. ताटाचा नाही.

दिवाळी होऊन गेली. एक दिवस अनन्या डिशवॉशरच्या गोळ्या शोधायला कपाटात वाकली आणि तिचा हात माझ्यावर पडला.

"आई, हा इथे काय करतोय?"

"ठेव तो तिथेच."

"हा तर तडकलाय."

"मीच फोडला. सुंठ कुटायला गेले." काकूंचा आवाज चिरकला. "तिच्या पोटावर पाय दिला गं मी. कोणत्या तोंडानं दार उघडायचं होतं?"

"म्हणून तुम्ही... इतके दिवस... आई! इट्स जस्ट अ पॉट!"

"तुझ्यासाठी पॉट."

अनन्यानं काकूंचं जॅकेट आणून त्यांच्यापुढे धरलं. "घाला. निघू या."

गाडीत मी काकूंच्या मांडीवर होतो. दोन्ही हातांनी मला धरलेलं. पूर्ण रस्ताभर त्या इंग्रजी शब्द जुळवत होत्या, तोंडातल्या तोंडात.

प्राणी मावशीनं दार उघडलं आणि काकूंनी मला पुढे केलं. "ब्रोक. आय. यू कॉफ, आय सुंठ..." पुढचं इंग्रजी संपलं. बाकीचं अनन्यानं सांगितलं. मावशीनं मला घेतलं, टकटक केलं. मी भद्द वाजलो. आणि ती हसायला लागली! काकूंच्या हाताला धरून तिनं मागच्या अंगणात नेलं. तिथे कुंपणाला लागून माझे भाऊबंद बसलेले, एकाचं तोंड फुटलेलं, एकाचं बूड गेलेलं, एकात चक्क गवती चहा उगवलेला.

"एव्हरी समर ब्रेक," मावशी म्हणाली. "नो प्रॉब्लेम."

त्या आठवड्यात बाजारात तिनं दुसराच खल नेला होता. माझ्यावाचून तिचं काडीचंही अडलं नव्हतं. जरा लागलं मला ते, खोटं कशाला बोलू!

मग तिचं हसू थांबलं. "आय थिंक काकू अँग्री," ती म्हणाली. "माय स्पून. फिश स्पून." त्या शेवटच्या मंगळवारी ती घाईत मच्छीचा डाव घेऊन आली होती. घरी गेल्यावर लक्षात आलं. काकूंचा नेम आपण मोडला, त्यांना कळलं, म्हणूनच त्या दार उघडत नाहीत, असं धरून ती बसली होती. शुक्रवारी ती मला न्यायला आली होती, पण त्याआधी माफी मागायला आली होती.

"डाव?" काकू म्हणाल्या. "अगं, मला पत्ताही नाही!"

बोलता बोलता काकूंची नजर खोलीत गेली. भिंतीलगत खोके. पलंगावर गादी नाही. मावशीनं हातानं विमान केलं. "ह्यूस्टन. माय सन. हिअर नोबडी, सो आय टेल सन, ओके, आय कम."

मग काकू पुढे झाल्या आणि तिच्या जॅकेटची बाही धरली.

"नो गो," त्या म्हणाल्या.

"टिकेट, काकू. रूम ऑल्सो, न्यू पीपल."

"नो गो, प्रणिता."

मावशीनं बाही सोडवून घेतली नाही. तशीच, एका हातानं, तिनं गॅसवरचं पातेलं उघडलं. साधा पातळ भात आणि मिठातल्या पाल्याचं लोणचं. "अगं, ही तर पेज!" काकू म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. तिघी खोक्यांवर बसून जेवल्या. भांडी बांधून झालेली, म्हणून वाट्या दोनच. अनन्यानं झाकणात खाल्लं.

मावशी ह्यूस्टनला गेली. मी काकूंकडे राहिलो. माझ्यात आता काही कुटता येत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मी मातीचा, आज ना उद्या फुटणारच होतो. तुमच्या हातूनही कोणाचं काही फुटेल. फुटलं तर गुंडाळून लपवू नका. तुकडे घेऊन तसेच त्याच्या दारात जा, दोन शब्द ऐकून घ्या. आणि तुमच्या दारात कोणी हाक मारत असेल तर कडी काढा, मग तोंड कसंही का असेना. माणूस कायमचं थांबत नाही. आणि हो, घरात कोणी दुपारचं एकटं जेवतं का, ते एकदा बघा. विचारू नका, ते नाही म्हणतील. सरळ ताट घेऊन समोर बसा.

आमच्याकडे आता दुपार झालीय. काकूंनी फोन मला टेकवून उभा केलाय, कारण ओट्यावर तेवढं जड दुसरं काही नाही. ह्यूस्टनचं घड्याळ पुढे आहे, तिकडे जेवण कधीच उरकलेलं असतं. दोघींना फोनवर बोलायला भाषा पुरत नाही, आणि हातवारे त्या चौकटीत मावत नाहीत. म्हणून काकू नुसत्या जेवतात. ताटात वाढून, बसून. प्राणी मावशी पलीकडे रिकामी वाटी पुढ्यात घेऊन बसते, काकूंचं होईपर्यंत.

मी हलत नाही. हललो तर फोन पडेल.